फेजच्या जुन्या शहरात नुसत्या भिंतीच दिसतात, मग बघायचं काय?

सई_को
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन मोरोक्कोला जायचं घाटतंय. तिकिटं काढायच्या आधी इथे विचारून घेते, कारण घरात दोन तट पडलेत.

फेजच्या तटबंदीतल्या जुन्या शहराचे (तिकडे मदिना म्हणतात) पोटभर व्हिडिओ बघून झाले. सगळीकडे तेच. अंधारे बोळ, दोन्ही अंगांना उंच कोऱ्या भिंती, मध्येच एक गाढव, चपलांची दुकानं आणि शेवटी कातडी कमावायच्या रंगीत कुंडांचा तो ठरलेला फोटो. मशिदींत बिगरमुस्लिमांना सोडत नाहीत, घरांची दारं बंद. मग ज्या वास्तुकलेचे एवढे गोडवे गातात ती आहे तरी कुठे? माझं मत असं झालंय की माराकेश निवांत करावं, तिथले राजवाडे-बागा बघाव्यात आणि फेज एका दिवसात उरकावं. पटत नसेल तर पटवून द्या.

बाबा निवृत्त स्थापत्य अभियंते आहेत, भिंत दिसली की ठोकून बघणार. आईचे गुडघे दुखतात. उत्तरं देताना हे दोन्ही लक्षात असू द्या.

उंटावरचा_शहाणा
"फेज एका दिवसात उरकावं" हे वाचून इथल्या निदान चार जणांनी बाह्या सरसावल्या असतील. मी शेंगदाणे घेऊन बसतोय.

विटेवरची
सरसावल्या. :)

सई, तू तक्रार म्हणून जे लिहिलंयस तीच त्या शहराची रीत आहे. गल्लीकडची भिंत दाखवायची नसतेच मुळी. बड्या व्यापाऱ्याचं घर आणि शेजारच्या कारागिराचं घर बाहेरून ओळखू येत नाही. फार तर दार जरा जाड, कडी जरा भारी. दारातून आत गेलं की वाट लगेच काटकोनात वळते. म्हणजे दार सताड उघडं असलं तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला आतला चौक दिसत नाही. वळण संपलं की डोक्यावर एकदम आकाश, मध्ये कारंजं आणि चारही बाजूंनी नक्षी. पैसा, हौस, कारागिरी, सगळं त्या आतल्या बाजूला लावलेलं.

आता आत शिरायचं कुठून? मदरशांतून. बू इनानिया (1350 ते 55) आणि अत्तारीन (1323 ते 25) हे दोन्ही मरीनी सुलतानांच्या काळातले, आणि दोन्हींत तिकीट काढून कुणालाही जाता येतं. चौकात उभं राहून एक भिंत खालून वर सावकाश बघत जा. खाली झेलीज, म्हणजे झिलईच्या फरश्यांचे तुकडे जुळवून केलेली नक्षी. जिथे हात लागतो, पाठ टेकते, पाणी उडतं तिथे हे. त्याच्या वर गिलाव्यात कोरलेलं काम, जाळी विणल्यासारखं नाजूक, म्हणूनच हात पोचणार नाही अशा उंचीवर. सगळ्यात वर ॲटलास पर्वतातला देवदार, तुळया आणि पुढे आलेल्या वळचणीसाठी. पाऊस झेलायचं काम त्या लाकडाचं, त्याच्या आडोशाने खालचा गिलावा टिकतो. सजावट वाटते, पण प्रत्येक थराला आपापलं काम नेमून दिलंय. बाबांना इथे बसवून ठेव, दुपार कशी गेली कळणार नाही.

वरच्या मजल्यांवर विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत. खाली एवढं वैभव आणि वर जेमतेम पथारी पसरेल एवढी जागा. वसतिगृहांची परंपरा सगळीकडे एकच दिसते.

टिवटिव
वाचनखूण साठवली. विटेवरची, स्वतंत्र लेख होऊन जाऊ दे.

नाशिककर_काका
झेलीजचा विषय निघालाच आहे तर. शहराबाहेर ऐन नोकबी भागात कुंभारांच्या आणि फरशीवाल्यांच्या कार्यशाळा आहेत, तिथे जरूर जा. कारागीर जमिनीवर बसलेला, समोर ऐरणीसारखा ठोकळा, हातात दोन्ही बाजूंना धार असलेली जड हातोडी. भाजलेल्या फरशीवर आखलेल्या रेषेवर टकटक करत तो चांदणी, बदाम, पट्टी असे तुकडे पाडतो. भट्टीत जळण म्हणून तेल काढून उरलेल्या ऑलिव्हच्या बियांचा चोथा.

मी थक्क झालो ते पुढच्या पायरीला. हे तुकडे जुळवताना रंगीत बाजू खाली असते! कारागिराला वरून दिसते ती नुसती मातकट पाठ. शेकडो तुकडे तो उलटे मांडत जातो, मग मागून चुन्या-सिमेंटचा थर ओततात आणि वाळल्यावर अख्खी पाटी उचलून भिंतीला लावतात. नक्षी बरोबर जमली की नाही हे पाटी उलटेपर्यंत दिसत नाही. मी त्या माणसाला खुणेनेच विचारलं, चुकलं तर? तो हसला आणि कपाळावर बोट टेकवलं.

उंटावरचा_शहाणा
काका, आमच्या बाथरूमच्या फरश्या तर लावणाऱ्याला सरळ दिसत होत्या. तरी कमळं उलटी लागली.

घारापुरी
विटेवरचींनी बू इनानियाची सालं दिलीच आहेत, तर एक योगायोग सांगतो. तो बांधणारा सुलतान अबू इनान फारिस. त्याच वर्षांत, त्याच शहरात, त्याच्याच हुकमावरून मोरोक्कोचा जगभटक्या प्रवासी इब्न बतूता आपला प्रवास तोंडी सांगत होता आणि इब्न जुझय्य तो लिहून घेत होता. लिखाण 1355 च्या अखेरीस पुरं झालं. आणि त्यात आपला मुलूख आहे! दौलताबाद, नंदुरबार, गोवा (तो 'संदापूर' म्हणतो). दौलताबादच्या किल्ल्यातल्या कैदखान्यात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत हे त्यात आहे, तिथली द्राक्षं-डाळिंबं आहेत, गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा बाजार आहे. मराठा बायकांच्या सौंदर्याची तारीफही आहे, आणि तीही खास करून नाक आणि भुवयांची.

एकीकडे बू इनानियाचा गिलावा कोरला जातोय, दुसरीकडे देवगिरीचे उंदीर कागदावर उतरतायत. मराठी माणसाने त्या चौकात पाच मिनिटं तरी जास्त काढावीत की नाही?

टिवटिव
नाक!! आजीला आत्ताच फोन करून सांगते. सातशे वर्षांपूर्वीचा दाखला मिळाला.

उंटावरचा_शहाणा
नाकाची तारीफ झाली हे ठीक, ते कुठे कुठे खुपसलं जातं हे बतूताला कळायच्या आत तो पुढे निघून गेला.

मीठभाकर
आमचे प्रश्न नेहमीचेच. शाकाहारी माणसाचं काय? आणि फेजला जगातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ आहे, एका बाईने बांधलं, हे खरं का? फॉरवर्ड आलं होतं.

घारापुरी
फॉरवर्डपुरतं खरं. अल-करावीयीन मशीद 859 साली फातिमा अल-फिहरी या कैरुआनहून (आजच्या ट्युनिशियातलं शहर) आलेल्या घराण्यातल्या बाईने बांधली, असं परंपरा सांगते. पण ही कथा लेखी सापडते ती चौदाव्या शतकातल्या इब्न अबी झरच्या इतिहासात, जवळपास पाचशे वर्षांनंतर. त्यामुळे काही इतिहासकार ती जशीच्या तशी घेत नाहीत. 'सगळ्यात जुनं विद्यापीठ' हे तुम्ही विद्यापीठ कशाला म्हणता त्यावर आहे. मशिदीत शतकानुशतकं पाठ चालायचे, मोठमोठे लोक शिकले-शिकवले हे निर्विवाद. आधुनिक अर्थाने सरकारी विद्यापीठ ते 1963 मध्ये झालं.

एका गोष्टीला मात्र धक्का लागत नाही. फेज गजबजलं ते निर्वासितांमुळे. नवव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या कोर्दोबात बंड फसलं, तिथून हाकललेली कुटुंबं नदीच्या एका तीरावर बसली, कैरुआनची माणसं दुसऱ्या तीरावर. दोन तीरांची दोन वेगळी शहरं, दोन वेगळे तट. अकराव्या शतकात अल्मोराविद घराण्याच्या युसुफ इब्न ताशफीनने मधल्या भिंती पाडून एक शहर केलं. आजही कोर्दोबावाल्यांच्या, म्हणजे अंदालुसी तीरावर पर्यटक फारसे जात नाहीत. सई, तिकडे जा.

गल्लीबोळ
@मीठभाकर, सकाळी बिसारा खा. वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं, म्हणजे फावा बीन्सचं दाट सूप, वरून ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. गाड्यावर उभ्याने, गरम पावाबरोबर. शुद्ध शाकाहारी आणि स्वस्त. झालूक, म्हणजे वांग्याचं भरीत मिळतं. हरीरा नावाचं सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका, बऱ्याचदा मांसाचा अंश असतो. शुक्रवारी घरोघरी कुसकुस असतं, भाज्यांचं मागता येतं, पण रस्सा कशाचा हे विचाराच.

आता रस्त्यांबद्दल. फेजमध्ये नकाशा उघडून चालणारा माणूस म्हणजे आमंत्रणपत्रिका. दहा-बारा वर्षांचं पोर येतं, "पुढे रस्ता बंद आहे, इकडून या" म्हणतं. रस्ता बंद नसतो. त्या वाटेच्या शेवटी कुणाच्या तरी काकाचं गालिच्यांचं दुकान असतं, आणि पोराला पैसेही हवे असतात. मान हलवून चालत राहायचं. एक साधी गोष्ट ध्यानात ठेवली की पुरे: शहर वाडग्यासारखं आहे. उतार धरलात की करावीयीनजवळ आणि नदीपाशी पोचता, चढ धरलात की बाब बू जलूद दरवाजापाशी. 'बालाक, बालाक' (बाजूला व्हा) अशी हाळी ऐकू आली की मागे न बघता भिंतीला चिकटायचं. खेचरावर गॅसचे सिलिंडर असतात, ते तुमच्यासाठी थांबत नाही.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे पार्किंगचा प्रश्न सुटलेलं शहर. आता बिल्डरांना सांगू नका.

तळ्यातमळ्यात
सगळे फेज-फेज करताहेत म्हणून विरोधी पक्ष मांडते. ट्युनिसला नोकरीनिमित्त राहिले आहे. तिथली मदिना 1979 मध्येच जागतिक वारशात गेली, फेजच्या दोन वर्षं आधी. तुमच्यामागे कुणी लागत नाही, वाटा सपाट, दारांवर काळ्या खिळ्यांनी काढलेल्या नक्ष्या. झैतुना मशिदीभोवती बाजारांची रचना अजून वाचता येते: अत्तरं आणि पुस्तकांसारखे 'स्वच्छ' धंदे मशिदीला खेटून, आवाज करणारे, वास मारणारे दूर. मला सगळ्यात आवडायचा तो शेशिया टोप्यांचा बाजार. लाल लोकरीची टोपी विणून, पाण्यात कुटून, घट्ट करून, मग काटेरी बोंडांनी पिंजतात. 1609 नंतर स्पेनमधून हाकललेल्या मोरिस्कोंनी (सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी) तो धंदा तिथे भरभराटीला आणला. दुकानात कारागीर गुडघ्यावर टोपी ठेवून घासत बसलेला असतो आणि गिऱ्हाईक आलं काय नि गेलं काय, मान वर करत नाही. मला तसल्या दुकानदारांचा फार आधार वाटतो.

गुडघेदुखीवाल्या आईसाठी फेज म्हणजे शिक्षा आहे. स्पष्टच बोलते.

विटेवरची
ट्युनिस सुंदर आहे, वादच नाही. पण तिथल्या बऱ्याच मोठ्या घरांतून मूळ कुटुंबं विसाव्या शतकात नव्या वस्तीत निघून गेली. फेजमध्ये शहराची रोजची यंत्रणा अजून फिरती आहे. प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, पाणपोई, हमाम म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, मुलांची कुराणशाळा आणि फर्रान म्हणजे सार्वजनिक भट्टी. घरची बाई कणीक मळून फळीवर गोळे ठेवते, वर फडकं टाकते, पोर ती फळी डोक्यावर घेऊन भट्टीवर जातं. भट्टीवाल्याला कुठला पाव कुणाच्या घरचा ते दिसताच कळतं. हे बघायला तिकीट नाही. सकाळी अकराच्या सुमाराला कुठल्याही भट्टीच्या दाराशी उभं राहा, फक्त वाट अडवू नका.

बिनभिंतीचा
इतका वेळ वाचत होतो. 'अजून फिरती आहे' याचं कौतुक करताना जरा दमाने घ्या. ती का फिरत राहिली? 1912 मध्ये फ्रेंच आले. त्यांचा इथला मुख्य अधिकारी लिओते याने धोरण ठरवलं: जुन्या शहराला हात लावायचा नाही, युरोपियनांसाठी शेजारी नवं शहर उभारायचं. रुंद रस्ते, नळ, वीज तिकडे. जुनं शहर 'जसंच्या तसं' इकडे. जपणूकही झाली आणि वाळीतही टाकलं. पैसेवाले स्थानिक नंतर नव्या शहरात गेले, त्यांच्या हवेल्यांत खेड्यातून आलेली कुटुंबं खोलीखोलीने भाड्याने राहिली. तुम्ही ज्याच्यासमोर फोटो काढता तो निळा बाब बू जलूद दरवाजा 1913 चा आहे, फ्रेंच अमलातला. मशिदींत बिगरमुस्लिमांना बंदी हा दंडकही लिओतेच्याच काळातला.

आणि ती चामड्याची कुंडं. शुआरा. वर गच्चीत पर्यटक नाकाला पुदिना लावून उभे, खाली माणूस मांडीपर्यंत चुना आणि कबुतराच्या विष्ठेच्या पाण्यात उतरून कातडी तुडवतोय. मला तिथे दोन मिनिटं उभं राहवलं नाही.

नाशिककर_काका
बिनभिंतीचा, मुद्दा रास्त आहे. पण मी तिथे खाली काम करणाऱ्या एकाशी बोललो, दुकानातल्या मुलाने दुभाषाचं काम केलं. त्याचं म्हणणं, वास तुम्हाला येतो, मला मजुरी दिसते. बाप-आजा इथेच. त्याला दया नको होती, गिऱ्हाईक हवं होतं. विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं हे त्यानेच समजावलं, अगदी मास्तरकीच्या थाटात. बघू नका म्हणण्यापेक्षा बघा आणि काहीतरी विकत घ्या, असं माझं मत.

बिनभिंतीचा
त्याचं म्हणणं मान्य. गच्चीवरच्या पुदिन्याबद्दलचं माझं मत मात्र तेच राहील.

उंटावरचा_शहाणा
पिवळ्या चपलेसाठी "अस्सल केशर" वापरतात असं मला तिथल्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या भावात केशर मिळत असेल तर मी चपला सोडून केशरच आणलं असतं.

सई_को
बाप रे, एवढं सगळं! बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. ते म्हणतात, आत वळणारी घरं, मध्ये चौक, बाहेर जाड भिंत, हे तर आपल्या पुण्याच्या वाड्यांसारखंच झालं की. आणि त्यांचा प्रश्न: आठशे-हजार वर्षांच्या भिंती इतक्या दाटीत उभ्या कशा राहतात? 2023 चा भूकंप फेजला जाणवला का?

विटेवरची
बाबांना नमस्कार सांग, पण वाड्याला ओटा असतो, दिंडी दरवाजा असतो, दिवाणखान्याच्या खिडक्या रस्त्यावर उघडतात. वाडा रस्त्याला आपलं मोठेपण दाखवतो. फेजचं घर ते लपवतं. चौक सारखा, स्वभाव उलटा.

भिंतींबद्दल: घरं एकमेकांना टेकून उभी आहेत, हेच बळ आणि हीच अडचण. मधलं एक पडलं की शेजारची दोन्ही झुकतात. म्हणून कित्येक गल्ल्यांत दोन भिंतींमध्ये आडव्या लाकडी टेकूंची रांग ठोकलेली दिसेल. विटा, दगड, चुना, मध्ये लाकडाचे आडवे पट्टे. खरा शत्रू ओल. शहराखालून नदीचे पाट खेळवलेत, त्यांचं पाणी मुरतं. करावीयीनच्या ग्रंथालयाची दुरुस्ती अझीझा शौनी या फेजच्याच वास्तुविशारद बाईंनी केली, तिथेही मोठी लढाई ओलीशीच होती.

8 सप्टेंबर 2023 च्या भूकंपाचा तडाखा माराकेशच्या बाजूला, खास करून उंच ॲटलासमधल्या गावांना बसला. माराकेशच्या तटालाही भेगा गेल्या. तो तट म्हणजे तांबडी माती फळ्यांच्या साच्यात थराथराने धुम्मस करून उभारलेला. त्यातली चौकोनी भोकं दिसतील, ती साच्याच्या आडव्या लाकडांची. बाबा खूश होतील.

गच्चीवरची
अवांतर होईल, पण राहवत नाही. सासरे ऐंशीच्या दशकात लिबियात बांधकाम कंपनीत होते. त्यांनी घदामेसचं वर्णन केलेलं अजून विसरत नाही. वाळवंटातलं ओॲसिसचं गाव, गल्ल्या वरून झाकलेल्या, दिवसाही अंधाऱ्या आणि गार. खाली पुरुषांची ये-जा, आणि बायकांची वाट गच्च्यांवरून! एका गच्चीवरून दुसरीवर, अख्खं गाव वरच्यावर फिरायचं. सरकारने शेजारी नवी घरं बांधून दिली, लोक तिकडे गेले, पण उन्हाळ्यात जुन्या घरात येऊन बसायचे, कारण काँक्रीटमध्ये जीव जायचा. सासरे स्वतः ते काँक्रीट ओतायचे, त्यामुळे सांगताना जरा ओशाळायचे.

घारापुरी
अवांतर कसलं, हाच तर विषय. असे प्रतिसाद अजून येऊ द्या.

मीठभाकर
गाडी मूळ प्रश्नावर आणूया. आईंच्या गुडघ्यांचं कुणी काही सांगितलंच नाही!

गल्लीबोळ
खरंच की. सई, नीट वाच.

बहुतेक जण बाब बू जलूदपासून तलाआ कबीरा हा मुख्य रस्ता उतरत जातात, आणि मग परत चढताना रडतात. तू तसं करू नकोस. लाल छोटी टॅक्सी करून थेट रसीफ चौकात उतर, तिथपर्यंत गाडी येते. शहराच्या अगदी तळाशी. तिथून सफ्फारीन चौक जवळ आहे. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचा आवाज आला की पोचलात समज. तिथे चहा घेत आईंना बसू दे. करावीयीनचं दार, अत्तारीन मदरसा, नज्जारीनचा जुना फोंदूक (खाली जनावरं-माल, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या, आता लाकूडकामाचं संग्रहालय) हे सगळं त्याच टापूत. रसीफलाच परत येऊन टॅक्सी. बू इनानिया दुसऱ्या दिवशी वरच्या दरवाजाने, तो तिथून अगदी जवळ आहे. त्याच्या समोरच्या भिंतीवर 1357 च्या पाणघड्याळाच्या खिडक्यांची रांग आहे, मान वर करून बघा. मुक्काम दरवाजाजवळच्या एखाद्या जुन्या घरात करा, पण आधी फोन करून विचारा: खोली कितव्या मजल्यावर? तिथले जिने उंच पायऱ्यांचे आणि चिंचोळे असतात. तळमजल्याची खोली मिळाली तरच पैसे भरा.

तळ्यातमळ्यात
हे जमण्यासारखं आहे. विरोधी पक्ष सभात्याग करत नाही, पण जिन्याचं खरंच आधी विचारून घे.

सई_को
ठरलं. फेज जास्त, माराकेश कमी. रसीफ, तळमजला, बिसारा, सगळं लिहून घेतलं. बाबांनी आत्तापासून टेकूंच्या गल्ल्यांची यादी मागितली आहे, कुणाकडे असेल तर द्या. आईचा एकच प्रश्न आहे, कुंडांपाशी पुदिना फुकट देतात की विकत?

उंटावरचा_शहाणा
पुदिना फुकट. चपला नाही घेतल्या तर मात्र तो परत मागतील.

नाशिककर_काका
टेकूंच्या दोन-तीन जागा आठवताहेत, फोटो शोधून व्यनि (खासगी निरोप) करतो.